एकाच शब्दाच्या पोटात दोन विरुद्ध अर्थ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आणि अमेरिकी सेनाधिकाऱ्यांच्या चर्चेत एक तातडीचा मसुदा ‘टेबल’ करण्याची इच्छा ब्रिटिशांनी व्यक्त केली आणि त्यावरून बराच वेळ कडाक्याचा वाद झाला. ब्रिटिश संसदीय परिभाषेत ‘टेबल करणे’ म्हणजे विषय चर्चेसाठी पटलावर ठेवणे, तर अमेरिकेत त्याच क्रियापदाचा अर्थ विषय बाजूला सारणे असा होतो. विषय लगेच चर्चेला घ्यावा असे दोन्ही बाजूंना वाटत होते, हे अखेरीस उलगडले. ही हकिकत विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मृतींमध्ये नोंदवून ठेवली आहे.

स्वतःच्याच उलट अर्थ बाळगणाऱ्या अशा शब्दांना इंग्रजीत ‘काँट्रोनिम’ म्हणतात. दोन दिशांना दोन तोंडे असलेल्या जेनस या रोमन देवावरून त्यांना ‘जेनस शब्द’ असेही नाव आहे. मराठी वाचकाला त्याचे फारसे नवल वाटू नये, कारण ‘परवा’ हा आपला शब्द कालच्या आदल्या दिवसालाही चालतो आणि उद्याच्या नंतरच्या दिवसालाही. अमरकोशाने तर ‘आरात्’ या संस्कृत अव्ययाचे दूर आणि जवळ असे दोन्ही अर्थ निःसंकोचपणे शेजारी शेजारी दिले आहेत.

हे शब्द एकाच वाटेने तयार झालेले नाहीत. ‘क्लीव्ह’ म्हणजे चिरणे आणि ‘क्लीव्ह’ म्हणजे घट्ट चिकटून राहणे, ही मुळात दोन वेगळी क्रियापदे. प्राचीन इंग्रजीत त्यांची रूपे निराळी होती, पण शतकानुशतके उच्चार झिजत गेले आणि दोघांचा चेहरा एकसारखा झाला. ‘लेट’ची गोष्टही तशीच आहे. मुभा देणे हा त्याचा सर्वपरिचित अर्थ. अडवणे या अर्थाचा जुना ‘लेट’ आता टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून गेल्यावर ऐकू येतो आणि ब्रिटिश पासपोर्टवरील विनंतीच्या मजकुरात अडथळा या अर्थाने भेटतो.

याउलट ‘फास्ट’ हा एकच शब्द अर्थ बदलत बदलत उलट टोकाला पोहोचला. त्याचा मूळ अर्थ घट्ट, अढळ असा होता. नेटाने, न डगमगता धावणे म्हणजे ‘फास्ट’ धावणे, असे म्हणता म्हणता नेटाची जागा वेगाने घेतली. तरीही घट्ट रुतून बसलेली वस्तू आजही ‘फास्ट’च असते. ‘सँक्शन’ लॅटिनमधून आला. विधिपूर्वक पवित्र वा बंधनकारक करणे हा त्याच्या मूळ धातूचा अर्थ, आणि कायदा म्हटला की मान्यताही आली आणि दंडही आला. त्यामुळे मंजुरी आणि निर्बंध हे दोन्ही अर्थ त्याला चिकटले. ‘डस्ट’ची तऱ्हा आणखी साधी आहे. धूळ या नामाचेच क्रियापद केले, पण ती झटकायची की भुरभुरायची, हे सांगणारा कोणताही प्रत्यय त्याला लावला नाही. वाक्प्रचारांतही हेच घडते: गजर ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजू लागतो, आणि दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे विझतो.

आदिम माणसाला विरुद्ध कल्पना वेगळ्या करता येत नव्हत्या, म्हणून असे शब्द जन्मले, असा एक मोहक तर्क जर्मन भाषाभ्यासक कार्ल आबेल यांनी १८८४ मध्ये मांडला होता. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१० मध्ये स्वप्नांच्या उकलीसाठी तो उचलून धरला. परंतु आबेल यांच्या व्युत्पत्तीच टिकणाऱ्या नाहीत, असे भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले. माझ्या मते वर सांगितलेली रुक्ष ध्वनिपरिवर्तनेच या तर्काहून अधिक रंजक आहेत.

मग ऐकणारा गोंधळत का नाही? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ‘बग’ असा द्व्यर्थी शब्द असलेली वाक्ये ऐकवली. ‘बग’ म्हणजे किडा आणि ‘बग’ म्हणजे चोरून संभाषण ऐकण्याचे उपकरणही. शब्द कानावर पडताक्षणी पडद्यावर अक्षरे दाखवून त्यांचा खरा शब्द होतो की नाही, हे विचारले असता ‘मुंगी’ आणि ‘हेर’ या दोन्ही अर्थांच्या शब्दांना उत्तर वेगाने मिळाले, आणि तेही वाक्यात आधी कोळी, झुरळे यांचा उल्लेख झालेला असताना. वाक्यातली पुढची तीनच अक्षरे उच्चारण्याइतका अवधी गेल्यावर मात्र फक्त संदर्भाला जुळणारा अर्थ शिल्लक राहिला. म्हणजे मेंदू दोन्ही अर्थ उघडतो आणि नकोसा अर्थ आपल्याला कळायच्या आत मिटवून टाकतो.

ही निवड करायला शेजारच्या शब्दांचा आधार लागतो. ‘डस्ट’पुढे कपाट आले की झटकणे आणि केक आला की भुरभुरणे, यात कोणी चुकत नाही. खरी पंचाईत दोन्ही अर्थ एकाच वाक्यात सारखेच चपखल बसतात तेव्हा होते. ‘समितीच्या ओव्हरसाइटमुळे हे घडले’ या वाक्यात समितीने देखरेख ठेवली की तिच्या नजरेतून काही निसटले, हे वाक्य स्वतः सांगत नाही. ‘टेबल’च्या वादातही तेच झाले, कारण मसुदा पुढे आणणे आणि मागे टाकणे ही दोन्ही कामे बैठकीतच होतात.

‘इनफ्लेमेबल’ या शब्दाचा धोका वेगळा आहे. त्याचा अर्थ ज्वालाग्राही असा एकच. पण त्यातील ‘इन’ हा नकाराचा नसून ‘आत’ या अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे, हे पिंपावरची चिठ्ठी वाचणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही, आणि तो ‘न पेटणारा’ असे समजू शकतो. म्हणून आगीपासून बचावाचे काम करणाऱ्यांनी विसाव्या शतकात ‘फ्लेमेबल’ हा आखूड शब्द आग्रहाने रूढ केला, आणि न पेटणाऱ्या पदार्थासाठी ‘नॉनफ्लेमेबल’ ठरले. शब्दकोशात ‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ आजही समानार्थी म्हणूनच नांदत आहेत.