जुन्या डेस्कटॉप संगणकाचे गेमिंगसाठी अपग्रेड

वापरात असलेल्या डेस्कटॉप संगणकाचे काही भाग बदलून किंवा त्यात नवे भाग बसवून त्यावर अलीकडचे गेम सुरळीत चालावेत अशी सोय करण्याला गेमिंग अपग्रेड म्हणतात. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान डिस्क) आणि एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) हे डेस्कटॉपचे भाग सुटे व ठरावीक मानकांनुसार बनलेले असल्याने हे काम त्यात शक्य होते. लॅपटॉपमध्ये त्याला फारसा वाव नसतो.

गेमचे हलते चित्र एकामागून एक तयार होणाऱ्या फ्रेमचे बनलेले असते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत पुरी व्हावी लागते. १४४ फ्रेमसाठी ही मुदत सुमारे ६.९ मिलिसेकंदांवर येते. या मुदतीत प्रोसेसर पात्रांच्या हालचालींचा व टकरींचा हिशेब करून काय रेखाटायचे याच्या सूचना देतो आणि ग्राफिक्स कार्ड त्यांवरून प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवते. दोघांपैकी ज्याचे काम उशिरा संपते, त्याच्याच गतीने फ्रेम मिळतात. म्हणून मागे कोण पडते आहे हे न तपासता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

ही तपासणी सोपी आहे. फ्रेमसंख्येवरील मर्यादा व व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सोय) बंद करून गेमचे रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० वर आणावे; पिक्सेल सुमारे २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर येतात. त्यासरशी फ्रेम भराभर वाढल्या तर अडचण ग्राफिक्स कार्डाची असते. आकडा जागचा हलला नाही तर ती बहुतेक वेळा प्रोसेसरची किंवा रॅमची असते. टास्क मॅनेजरमधील प्रोसेसरच्या एकूण वापरावर मात्र विसंबू नये, कारण प्रोसेसरमधील आठ कोअरपैकी (स्वतंत्रपणे हिशेब करणाऱ्या भागांपैकी) एकच पूर्ण व्यापलेला असला तरी एकूण टक्केवारी कमीच दिसते. सरासरी फ्रेमसंख्याही फसवी असते. खेळताना खटकतात ते मधूनच येणारे झटके, आणि ते सरासरीत दडून जातात.

ग्राफिक्स कार्ड बदलताना पहिला विचार विजेचा करावा. मदरबोर्डवरील (सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरील) पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून, म्हणजे कार्ड बसवण्याच्या खाचेतून, कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढची गरज एसएमपीएसच्या सहा पिनी जोडणीतून ७५ किंवा आठ पिनी जोडणीतून १५० वॅटपर्यंत भागते. जुन्या एसएमपीएसमध्ये या जोडण्या नसतील, तर कन्व्हर्टर लावून वेळ मारून नेण्यापेक्षा एसएमपीएसच बदलणे सुरक्षित. कार्यालयांसाठी बनवलेल्या काही तयार संगणकांत एसएमपीएसचा आकार आणि जोडण्या कंपनीच्या स्वतःच्या असतात. तेथे सर्वसाधारण एसएमपीएस बसतच नाही, ही गोष्ट अनेकांच्या फार उशिरा लक्षात येते.

नवे कार्ड जुन्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये सहसा चालते, पण माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिकांची (लेन) संख्या पाहिलीच पाहिजे. २०२२ मध्ये आलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे ४ जीबी मेमरीचे कार्ड केवळ चार मार्गिका वापरते. चौथ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये ते बरे चालते; तिसऱ्या आवृत्तीच्या मदरबोर्डवर मात्र त्या चार मार्गिकांची वहनक्षमता निम्मी होते आणि कार्डाची मेमरी अपुरी पडून माहिती मुख्य रॅममधून आणावी लागली की फ्रेम कोसळतात. स्वस्त म्हणून जुन्या संगणकासाठी घेतलेले कार्ड नेमके जुन्याच संगणकात कमी पडते.

प्रोसेसरची निवड सॉकेट (मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा) आणि बायॉस (संगणक सुरू करणारी मदरबोर्डमधील प्रणाली) यांनी बांधलेली असते. एएमडीचे एएम४ सॉकेट याबाबतीत उदार ठरले: २०१७ च्या अनेक मदरबोर्डांवर, निर्मात्याने नवे बायॉस दिले असल्यास, २०२२ चा ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधीलच वेगवान मेमरी) असलेला रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो. उलट, इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढ्यांचे सॉकेट एकाच नावाचे, एलजीए ११५१, असूनही पहिल्या जोडीच्या मदरबोर्डवर दुसऱ्या जोडीचे प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत. बायॉस जुना प्रोसेसर काढण्याआधीच अद्ययावत करावे, अन्यथा संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो.

रॅमची एकच पट्टी असेल तर तशाच दुसऱ्या पट्टीने ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी माहितीची देवाणघेवाण) सुरू होते आणि प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या गेममध्ये फरक जाणवतो. वेगवान पट्ट्यांचा पूर्ण वेग मिळण्यासाठी बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमची वेगवान चालीची तयार मांडणी) चालू करावे लागते. एसएसडीने गेम व त्यातील टप्पे लवकर उघडतात, फ्रेमसंख्या मात्र सहसा वाढत नाही. धूळ काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलल्यास तापल्यामुळे मंदावलेला प्रोसेसर पूर्ववत चालू शकतो, म्हणून खरेदीआधी हे करून पाहणे इष्ट.

मदरबोर्डच बदलण्याची वेळ आली की हिशेब पालटतो. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्यांच्या पट्ट्या एकमेकींच्या स्लॉटमध्ये बसत नसल्याने प्रोसेसरबरोबर अनेकदा रॅमही नवी घ्यावी लागते, आणि जुन्यातले कॅबिनेट, डिस्क व एसएमपीएस एवढेच उरते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि अधिकृत यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या सहाव्या पिढीचे प्रोसेसर त्या यादीत नाहीत. अशा संगणकात महागडे कार्ड घ्यायचे असेल, तर ते पुढच्या संगणकातही वापरता येईल असे निवडावे.