धर्मत्याग आणि धर्मांतर एक नव्हेत

धर्मांतर म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. एक धर्म सोडून दुसरा घेणे. पाखंडी म्हणजे धर्मात राहूनच वेगळे मत मांडणारा. त्याचा इथे संबंध नाही. घोळ होतो तो धर्मत्यागाशी. दर १३ ऑक्टोबरला ‘बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतर केले’ अशी पोस्ट फिरते, आणि इतक्या मोठ्या घटनेचा असा विचका पाहून चीड येते.

धर्मत्यागात फक्त सोडणे असते. पुढे कुठे जायचे हे ठरलेले असेल किंवा नसेलही. इंग्रजी ‘अपोस्टसी’ ग्रीकमधून आला: दूर जाऊन उभे राहणे. ग्रीक लोक तो बंडासाठीही वापरत. अरबी ‘मुर्तद’ म्हणजे मागे फिरलेला. दोन्ही नावे मागे राहिलेल्यांनी सोडून गेलेल्याला दिलेली, म्हणून त्यांत आरोप आहे. आपला ‘बाटगा’ त्याच पंक्तीतला. तो शब्द कुणीही वापरू नये.

आता येवला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. कोणता धर्म घेणार, हे सांगितले नाही. तो त्यागाचा निर्धार होता. स्वीकार अजून व्हायचा होता. पुढे शीख धर्माचाही गंभीरपणे विचार झाला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग लाखो अनुयायांना स्वतः २२ प्रतिज्ञा दिल्या. सुरुवातीच्या प्रतिज्ञांत देव, अवतार, श्राद्ध-पिंडदान यांना नकार आहे. एकोणिसावीत हिंदू धर्माचा त्याग आणि बौद्ध धम्माचा स्वीकार एकाच वाक्यात येतो. धर्मांतर झाले ते इथे, निर्धारानंतर २१ वर्षांनी. येवल्याच्या जागेला मुक्तिभूमी म्हणतात आणि नागपूरच्या जागेला दीक्षाभूमी. नावे ठेवणाऱ्यांना फरक नेमका कळला होता.

कायद्यातही हा फरक आहे. हिंदू विवाह कायद्यानुसार जोडीदाराने दुसरा धर्म स्वीकारला आणि तो हिंदू राहिला नाही, तर घटस्फोट मागता येतो. ‘माझा देवाधर्मावर विश्वास उरला नाही’ एवढे म्हटल्याने ते कलम लागू होत नाही. (या कायद्यापुरते बौद्ध, जैन, शीखही ‘हिंदू’तच मोडतात.) उलट १८५० च्या कायद्याने धर्म नुसता सोडणाऱ्याचाही वारसाहक्क राखला, त्यासाठी नवा धर्म घेण्याची अट नव्हती.