तारीख नसलेली वाट

माझी मामेबहीण कुलाब्याच्या नेव्हीनगरमध्ये राहते. नवरा पाणबुडीवर. तिथल्या बायका ‘ते सेलिंगला गेलेत’ एवढंच सांगतात. कुठे गेलेत, कधी येणार, हे बहुतेकदा त्यांनाही ठाऊक नसतं. पाणबुडी खोल गेली की फोन बंद. तरी बहीण रात्री मोबाइल उशाशी घेऊनच झोपते.

हे सतत कान टवकारून राहणं शरीराला दमवतं. धोक्याची चाहूल लागली की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, ती मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं. धोका टळला की ते उतरायला हवं. पण टळला की नाही, हेच कळत नसेल तर? 2016 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 45 जणांना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवले. खाली साप आहे का, ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. घामावरून आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून ताण मोजला. झटका बसणारच हे पक्कं माहीत असताना ताण कमी होता. सगळ्यात जास्त कधी, तर बसेल-न बसेल अशी 50 टक्के शक्यता होती तेव्हा. हे वाचताना मला उशाशी ठेवलेला तो मोबाइलच दिसत होता.

कॅथलीन लोगन यांनी 1987 मध्ये अमेरिकी नौसैनिकांच्या पत्नींच्या अनुभवावरून अशा दुराव्याचे सात टप्पे मांडले. त्यातला दुसरा, निघण्याआधीच मनाने लांब जाण्याचा, मी बहिणीला सांगितला. ती म्हणाली, “अगं, हे तर आमचंच!” जायच्या आठवड्यात त्यांचं हमखास वाजतं, कधी सिलिंडरवरून, कधी शाळेच्या फीवरून. विरह सोसायचाय म्हणून मन आधीच सुटं व्हायला बघतं. त्याला प्रेम आटलं असं कुणी समजू नये.

परतल्यावर सगळं जागच्या जागी येतं, हाही बाहेरच्यांचा समज. भावोजींचे कपडे दोनदा धुतले तरी डिझेलचा वास जात नाही, आणि घराला त्यांची सवय व्हायलाही वेळ लागतो. त्यांनी ‘झोप आता’ म्हटलं की पाच वर्षांचा मुलगा स्वयंपाकघरात येऊन आईला विचारतो, “झोपू का?” ते ऐकून बापाचा चेहरा उतरतो. मुलाचा त्यात राग नसतो. महिनोन्‌महिने चाललेल्या घराचे नियम त्याला पाठ झालेले असतात.

अशा वेळी ‘फौजीची बायको ना तू, खंबीर राहा’ हे वाक्य मला निर्दय वाटतं. ते ऐकलं की बाई बोलायचीच थांबते. झोप उडाली, रडू आवरेना, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं.

बहिणीने आता मुलाला ‘बाबा दिवाळीला येतील’ असं सांगणं सोडलंय. तारीख हुकली की तो दोन दिवस धड जेवत नसे. त्याऐवजी गेल्या सेलिंगआधी बाबांनी मोबाइलवर गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या. रोज रात्री साडेआठला एक. सिंहाच्या गोष्टीत मध्येच त्यांना खोकला आलाय. मुलगा त्या जागेच्या जरा आधी स्वतःच खोकतो आणि मग आईकडे बघतो.