चकाकी हवी आणि छिद्रंही: शुभेच्छापत्रासाठी ग्लॉसी कार्डशीट निवडताना

घरी छापलेल्या शुभेच्छापत्राची शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते, गडद निळ्या भागात शाईची बारीक डबकी साचतात, आणि सगळा दोष प्रिंटरच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा प्रिंटर निर्दोष असतो, चुकलेला असतो कागद. ‘चकाकतोय आणि जाड आहे, म्हणजे चांगलाच असणार’ हा समज फार पक्का आहे. पण कागद का चकाकतो, यावरच सगळं अवलंबून आहे.

छापखान्यात वापरतात ते आर्ट कार्ड आधी बघू. त्यावर केओलिन ही पांढरी माती आणि कॅल्शियम कार्बोनेट यांचा लेप असतो. तो लॅटेक्सने बांधलेला आणि रुळांखाली दाबून गुळगुळीत केलेला असतो. छापखान्याच्या दाट, तेलकट शाईसाठी तो उत्तम. इंकजेटची, म्हणजे शाईचे बारीक थेंब फवारणाऱ्या घरगुती प्रिंटरची, शाई मात्र बहुतांशी पाणी असते. या घट्ट लेपात ती पुरेशा वेगाने शिरत नाही, वरच थांबते, शेजारच्या थेंबात मिसळते आणि फासली जाते.

म्हणजे इंकजेटला एकाच वेळी दोन उलट गोष्टी हव्या असतात. शाई शोषायला छिद्रं हवीत, आणि चकाकीसाठी पृष्ठभाग आरशासारखा सपाट हवा. साध्या कागदात छिद्रं भरपूर असतात, पण ती प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठी असल्यामुळे प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि कागद निस्तेज दिसतो. तोडगा या वाक्यातच दडलेला आहे: छिद्रं तरंगलांबीपेक्षा खूप लहान करा! दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). इंकजेट फोटो कार्डावरच्या लेपात सिलिका किंवा अॅल्युमिनाचे अतिसूक्ष्म कण थोड्याशा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलने चिकटवलेले असतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या दहा-वीस नॅनोमीटरच्या असतात. इतक्या लहान पोकळ्या प्रकाशाला जाणवतच नाहीत. त्याच्या दृष्टीने पृष्ठभाग सलग असतो, पाण्याच्या दृष्टीने मात्र तो चाळणीसारखा असतो.

आता या चाळणीची ताकद बघा. बारीक छिद्र द्रवाला आत ओढतं तो केशाकर्षणाचा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले छिद्राची त्रिज्या. शाईचा पृष्ठताण मीटरला 0.03 न्यूटन आणि त्रिज्या 10 नॅनोमीटर धरली, तर दाब येतो 60 लाख पास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जवळजवळ 60 पट! अर्थात छिद्र जितकं अरुंद तितका शाईच्या चिकटपणाचा विरोधही मोठा. म्हणूनच शाई किती खोल गेली हे वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. शाई पाण्याच्या तिप्पट चिकट धरली, तर 40 मायक्रोमीटर जाडीचा लेप पार करायला सरळ छिद्रातून सेकंदाचे साधारण तीन शतांश लागतात. खरी छिद्रं वाकडीतिकडी असल्याने वेळ थोडा वाढतो, तरीही काही पिकोलिटरचा (पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग) थेंब शेजारच्या थेंबाकडे पसरण्याआधीच लेपात ओढला जातो. रंगाचे रेणू बहुधा ऋण प्रभाराचे असतात, त्यामुळे लेपात धन प्रभाराचा घटक ठेवतात. पाणी पुढे जातं, रंग वरच्या थरातच पकडला जातो. छापलेला रंग उजळ दिसतो तो यामुळे.

पिगमेंट शाईचं, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं, वेगळं. तिचे कण 100 नॅनोमीटरच्या आसपास असतात, ते या छिद्रांत मावत नाहीत आणि वरच बसतात. अनेक घरगुती प्रिंटरमध्ये मजकुराची काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या, असतात. म्हणून छापताना कागदाचा प्रकार ‘ग्लॉसी’ निवडणं अत्यावश्यक आहे. ‘प्लेन’ राहिला, तर प्रिंटर तीच काळी शाई वापरतो आणि अक्षरं पुसली जातात.

पाकिटावरचं ‘नॅनो’ किंवा ‘प्रीमियम’ वाचून हुरळून जाऊ नका. पाकिटावर ‘इंकजेट’ लिहिलंय की ‘लेझर’, एवढं आधी बघा. इंकजेटचा फोटो कागद लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नये. त्यात बहुधा पॉलिथिनचे थर असतात, आणि टोनर (लेझर प्रिंटरची भुकटीरूप शाई) वितळवणारा रूळ पॉलिथिन वितळण्याइतका तापतो. कागद रुळाला चिकटला की मोठी दुरुस्ती निघते. सुटा कागद कुठला हे कळत नसेल, तर कोपऱ्याला ओलसर बोट लावा. इंकजेटचा लेप बोटाला किंचित चिकटतो, आर्ट कार्ड सहसा चिकटत नाही.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. त्याचा छपाईच्या दर्जाशी संबंध नाही. ए-4 कागदाचं क्षेत्रफळ चौरस मीटरचा सोळावा भाग असतं, त्यामुळे एका कागदाचे ग्रॅम गुणिले 16 केलं की जीएसएम मिळतो. घडीच्या कार्डाला 200 ते 250 पुरे. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे दुप्पट जाड कार्ड सुमारे आठपट ताठ. असा कागद पुढच्या ट्रेमधून वळण घेताना अडकतो. मागून सरळ घालायची सोय असेल तर तीच वापरा, आणि प्रिंटरच्या पुस्तिकेतली मर्यादा ओलांडू नका.

आतल्या बाजूला हाताने लिहायचं असेल तर एकाच बाजूला लेप असलेलं, मागे साधा कागद असलेलं कार्ड घ्या. पॉलिथिनच्या पाठीवर जेल पेन सुकत नाही.

घडीवर लेप तडकून पांढरी रेघ दिसते, ती बहुधा कागदाच्या तंतूंच्या आडवी घडी घातल्यामुळे. त्याच कागदाच्या उभ्या आणि आडव्या अशा सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापून टेबलाच्या कडेबाहेर धरा. कमी झुकणाऱ्या पट्टीत तंतू लांबीच्या दिशेने असतात. घडी त्या दिशेला समांतर ठेवा. आधी फूटपट्टी धरून रिकाम्या बॉलपेनने खाच पाडा आणि खाच बाहेर, उंचवटा आत राहील अशी घडी घाला. हे सगळं छपाईनंतर एक दिवस जाऊ देऊनच करा. हाताला कोरड्या लागणाऱ्या शाईतही ग्लायकोल हे सावकाश उडणारं द्रावक उरलेलं असतं, आणि कार्ड घाईने प्लास्टिकच्या पाकिटात घातलं तर पाकिटाच्या आतल्या बाजूला त्याचाच धुरकट थर जमतो.