बाजारचा बोल्ट, लोहाराचं लोखंड

सध्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतोय. वाड्याच्या जुन्या दाराला लोहाराने हाताने घडवलेल्या पट्ट्या आणि कडी-कोयंडा बसवलाय, पण ते अडकवायला वापरलेत हार्डवेअरच्या दुकानातले चकचकीत बोल्ट. काळ्या, ठोक्यांच्या खुणा असलेल्या लोखंडावर ते खरोखरच डोळ्यांत खुपतात. मग व्हिडिओतला उत्साही गृहस्थ उपाय सांगतो: बोल्ट भट्टीत टाका, लालबुंद झाले की जळक्या ऑइलमध्ये बुडवा, झालं काम! बोल्ट काळे होतात, खाली वाहवा सुरू होते. या उपायाने माणूस तापाने फणफणू शकतो आणि बोल्टच्या ताकदीचा काही भरवसा उरत नाही, हे मात्र तिथे कुणी लिहीत नाही.

जुन्या लोहारापुढे हा प्रश्न आलाच नव्हता. तो रिव्हेट ठोकायचा, तापवलेली पट्टी दोन गजांभोवती आवळायचा, पाचर मारायचा, नाहीतर आगीतच सांधा करायचा. जोडणारा तुकडा आणि जोडला जाणारा तुकडा एकाच भट्टीतून निघालेले, त्यामुळे रंगही एकच. १८४१ मध्ये इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचं एक ठरावीक माप मांडलं आणि हळूहळू एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टला बसू लागला. सोय प्रचंड झाली. पण तेव्हापासून बोल्ट एका जगातून येतो आणि पट्टी दुसऱ्या.

आधी त्या चकाकीचं बघू. ती लोखंडाची नसते, जस्ताची असते. झिंक प्लेटिंगच्या बोल्टवर जस्ताचा थर साधारण ५ ते १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या जीआय बोल्टवर तो ५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. लोहाराच्या भट्टीत हे तापमान सहज गाठलं जातं. उकळलेल्या जस्ताची वाफ हवेत आली की लगेच ऑक्सिजनशी जुळते आणि झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की त्या वेळी काहीच होत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. मलेरियाच वाटावा असा हा ताप एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून त्याला कुणी फारसं मोजत नाही. वेल्डिंगच्या शॉपमध्ये यावर दूध किंवा गूळ असा ठरलेला इलाज आहे. दूध जातं पोटात, धूर गेलाय फुप्फुसात. दोघांची गाठ पडणार कुठे? इलाज एकच, जस्त चढवलेली वस्तू भट्टीत घालायची नाही.

आता ताकद. बोल्टच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. आपल्याकडच्या आयएस १३६७ या मानकातही हीच पद्धत आहे. पहिल्या आकड्याला शंभराने गुणलं की बोल्ट किती ताणाला तुटेल ते मेगापास्कलमध्ये मिळतं. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांश ताणाला बोल्ट कायमचा लांबेल. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटतो, ६४० ला लांबतो. साधा ४.६ चा बोल्ट ४०० ला तुटतो, २४० ला लांबतो. ८.८ ला ही ताकद पाणी चढवून दिलेली असते: लाल तापवून झटकन थंड करायचं, मग किमान ४२५ अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. तो बोल्ट तुम्ही पुन्हा लाल केलात की कारखान्यातली सगळी मेहनत पुसली गेली. सावकाश थंड केलात तर मऊ पडणार, आणि व्हिडिओतल्यासारखा तेलात बुचकळलात तर कडक पण ठिसूळ होणार. बाहेरून दोन्ही सारखेच काळे दिसतात आणि माथ्यावर ८.८ तसंच असतं.

पण लाल तापवल्यावर लोखंड काळं होतं म्हणजे नेमकं काय होतं? इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही आहे.

हा काळा रंग वरून बसलेला नसतो, धूर किंवा काजळीही नसते. तो लोखंडातून उगवलेला असतो. लाल लोखंडाचा हवेशी संबंध आला की त्यावर ऑक्साइडचे तीन थर एकावर एक चढतात. सगळ्यात आत वूस्टाइट, त्यावर मॅग्नेटाइट, सगळ्यात बाहेर हेमेटाइटचा पातळ पापुद्रा. १००० अंशांच्या आसपास एकूण जाडीत त्यांचा वाटा साधारण ९५, ४ आणि १ टक्का. म्हणजे खरा कारभार वूस्टाइटचा. आणि हे वूस्टाइट मोठं विलक्षण आहे. शाळेत आपण शिकलो की लोखंडाचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक. प्रत्यक्षात ते प्रमाण कधीच पुरं भरत नाही. ऑक्सिजनच्या दर १०० अणूंमागे लोखंडाचे असतात जेमतेम ९५. बाकीच्या जागा स्फटिकात चक्क रिकाम्या असतात.

सगळी गंमत या रिकाम्या जागांची आहे. गच्च भरलेल्या एसटीत पुढचा एक जण उतरला की त्याच्या मागचा पुढे सरकतो, त्याच्या जागी त्याच्या मागचा, आणि रिकामी जागा मात्र मागे मागे जात राहते. तसंच इथे घडतं. बाहेरच्या कडेला ऑक्सिजन वाट बघत असतो. लोखंडाचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, एका रिकाम्या जागेतून दुसरीत उड्या मारत बाहेर येतो, ऑक्सिजनला भेटतो आणि थर बाहेरच्या बाजूने वाढतो. रिकाम्या जागा आत, धातूकडे सरकतात. ऑक्सिजनचे आयन वूस्टाइटमध्ये जवळजवळ जागचे हलत नाहीत. आपल्याला वाटतं हवा लोखंडात शिरते; घडतं उलटंच, लोखंड हवेकडे चालत येतं.

पण थर जाड होत गेला की वाटही लांबत जाते. म्हणून वाढ मंदावते: जाडी दुप्पट व्हायला वेळ लागतो चौपट, तिप्पट व्हायला नऊपट. कार्ल वॅग्नर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये आयनांच्या या प्रवासावरून तो नियम गणिताने काढून दाखवला. आता दुसरी गोम. ५७० अंशांच्या खाली वूस्टाइट टिकाऊ राहत नाही, त्याचं मॅग्नेटाइट आणि लोखंड यांत विघटन होऊ लागतं. सावकाश निवलेल्या तुकड्यावर जे निळसर काळं दिसतं त्यात मॅग्नेटाइटचा वाटा मोठा असतो. ऐरणीभोवती पडलेल्या काळ्या कपच्यांजवळ लोहचुंबक नेऊन पाहा, त्या पटकन चिकटतात. तो मॅग्नेटाइटचा गुण. नुसतं वूस्टाइट असतं तर त्या ढिम्म राहिल्या असत्या.

आणि त्या कपच्या उडतात का? ऑक्साइडला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. वूस्टाइट त्याच्यासाठी खर्ची पडलेल्या लोखंडाच्या पावणेदोन पट जागा घेतं, मॅग्नेटाइट दुपटीहून थोडी जास्त. असं गुणोत्तर काढून थर टिकेल की फुटेल याचा अंदाज बांधण्याची कल्पना पिलिंग आणि बेडवर्थ या धातुशास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये मांडली. त्यात थंड होताना धातू आणि ऑक्साइड वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, वरून घणाचे घाव. जाड थर तडकतो, खाली पुन्हा नवा उगवतो, तोही कुठे उडतो, कुठे हातोड्याखाली दबून राहतो. घडीव लोखंडाचा काळा एकसारखा दिसत नाही तो यामुळे. तो किती वेळा तापला आणि कुठे कुठे ठोकला गेला याचा हिशेब त्या पृष्ठभागावर असतो. स्प्रेच्या डब्यातून मारलेला काळा रंग शेजारी खोटा वाटतो, कारण तो सगळीकडे सारखा असतो.

(जाता जाता: काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी शनीची पीडा घालवते म्हणून विकली जाते. नव्या नालेवरचा काळेपणा हाच, भट्टीतला. पांढऱ्या घोड्याची नाल घडवली तरी तीही काळीच निघेल.)

मग बाजारच्या बोल्टवर हा थर चढवायचा कसा, ताकद न घालवता? खरा जाड थर चढवायला लाल तापमान हवं, आणि ते ८.८ ला परवडत नाही. पण ४२५ अंशांच्या खाली आपल्याला बराच मोकळा पट्टा आहे आणि त्यात काम भागतं. साफ केलेलं पोलाद हळूहळू तापवलं तर २२० ते २३० अंशांना ते गवती पिवळं दिसतं, २८० च्या आसपास जांभळं, ३०० च्या सुमारास निळं, त्यापुढे करडं. हे रंग ऑक्साइडच्या अतिशय पातळ, काही दशक नॅनोमीटरच्या थरातून येतात. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेले प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंग मारतात, काही उठवतात. या पायरीवर बोल्टला जवसाचं तेल लावायचं. अगदी पातळ, पुसून घेतल्यासारखं, आणि पुन्हा २०० ते २५० अंशांवर थोडा वेळ ठेवायचं. दोन-तीन हात दिले की गडद तपकिरी काळा, मंद चमक असलेला थर येतो.

जवसच का? त्याच्या तेलात जवळपास निम्मं लिनोलेनिक आम्ल असतं, ज्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन त्यांच्या शेजारी हल्ला करतो, रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचं जाळीदार घट्ट आवरण होतं. उष्णतेने हे काम भराभर उरकतं. खोबरेल तेलात असे बंध नावालाच, त्यामुळे ते चिकटच राहतं. जळक्या ऑइलचं तर नावच नको. ते असं वाळत नाही, त्यात इंजिनातली धातूची भुकटी असते आणि तापवलं की घाण धूर. जवसाचाही धूर होतोच, म्हणून हे स्वयंपाकघरात नव्हे, अंगणात करावं. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत: वाळताना उष्णता बाहेर पडते, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटते. पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

पण त्याआधी जस्त काढायचं राहिलंय. व्हिनेगरमध्ये बोल्ट रात्रभर ठेवले की प्लेटिंग उतरतं. बुडबुडे येतात तो हायड्रोजन. जस्त संपलं की फसफस बरीच मंदावते, कारण लोखंडाची आम्लाशी क्रिया त्यामानाने सावकाश होते. संडास साफ करायचं ॲसिड हे काम मिनिटांत करतं, पण त्यात ब्लीचिंगचा अंशही मिसळता कामा नये, क्लोरीन निघतो. पिवळसर झाक असलेल्या बोल्टवर बहुधा क्रोमेटचा थर असतो आणि त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. ते पाणी गटारात किंवा झाडांना घालायचं नाही. असे बोल्ट या कामाला घेऊच नयेत.

बुडबुड्यांतला सगळा हायड्रोजन मात्र वर जात नाही. थोडे सुटे अणू पोलादात शिरतात. मऊ पोलादाला त्याचं काही वाटत नाही, पण फार कडक पोलादात ते ताणलेल्या जागी गोळा होतात आणि बोल्ट आवळल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी, कटकन तुटतो. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या भागात मार्च २०१३ मध्ये हेच झालं. तीन इंच जाडीचे, उच्च ताकदीचे, जस्त चढवलेले ९६ रॉड ताणून बसवले आणि काही दिवसांत त्यातले ३२ तुटले. तपासात कारण निघालं हायड्रोजनने आणलेला ठिसूळपणा. म्हणून १०.९ आणि १२.९ चे बोल्ट आम्लात घालायचेच नाहीत. ८.८ ला धोका फार कमी आहे. तरी आम्लानंतर सोड्याच्या पाण्यात धुऊन, तेल लावण्याआधी काही तास २०० अंशांवर कोरडे भाजून घ्यावेत, म्हणजे शिरलेला हायड्रोजन बाहेर पडतो.

एवढा खटाटोप वाचून वैताग आला असेल तर सोपा रस्ता आहे. दुकानात प्लेटिंग न केलेले काळे बोल्ट मागा. नाहीतर एमआयडीसीतल्या ब्लॅकोडायझिंगवाल्याकडे पिशवीभर साधे बोल्ट द्या. तो ते कॉस्टिक सोडा आणि नायट्राइटच्या साधारण १४० अंशांच्या द्रावणात बुडवतो आणि मायक्रॉनभर जाडीचं मॅग्नेटाइट चढवून देतो. वर जवसाच्या तेलाचा एक हात दिला की झालं.

राहिला आकार. षटकोनी माथा हा कारखान्याचा चेहरा आहे, तो काळा करूनही लपत नाही. भार नसलेल्या जागी ४.६ चा बोल्ट घ्यावा. त्याच्यात पाणी चढवलेलं नसतं, त्यामुळे माथा लाल करून, भोक पाडलेल्या जाड पट्टीत अडकवून चार-सहा ठोके दिले तरी फार काही बिघडत नाही. आटे मात्र आगीपासून दूर ठेवावेत; त्यांच्यावर पापुद्रा चढला तर नट फिरत नाही. घिसाडी लोहार अजूनही आठवड्याच्या बाजारात कोयते-विळे घडवताना दिसतात. त्यांच्याकडून घडवलेले चौकोनी नट आणि वायसर घेतले तर काम निम्मं होतं. भार असलेल्या जागी ८.८ चा बोल्ट जसाच्या तसा ठेवून त्यावर घडीव टोपी बसवावी.

आणि हे सगळं घरातल्या किंवा छपराखालच्या कामाला. रत्नागिरी-मालवणकडे अंगणाच्या फाटकाला हे करू नका. तेलाचा थर खाऱ्या हवेत, पावसात फार तग धरत नाही. तिथे जस्त हवंच, कारण ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. जीआय बोल्ट घ्या आणि रंगवा, पण साधा तेलरंग थेट मारू नका: त्यातल्या तेलाचा जस्ताशी संयोग होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंग पापडासारखा सुटतो. आधी जस्तासाठीचा एच (etch) प्रायमर, त्यावर मॅट काळा. ग्लॉसी घेतलात तर बोल्ट पुन्हा रस्त्यावरूनच दिसायला लागतील.