टॅपेट की टायमिंग चेन? सेटिंगनंतर परतणारा आवाज

टॅपेट सेट करून घेतले, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली फट नीट करून घेतली, चार दिवस गाडी गप्प होती, आता पुन्हा तोच आवाज. शंभर ते दीडशे सीसीच्या एअर-कूल्ड बाइक चालवणाऱ्यांची ही तक्रार कोणत्याही गॅरेजात ऐकू येते. मग मिस्त्री टॅपेट आणखी थोडे आवळतो. आवाज दबतो, गिऱ्हाईक खूश. पण हेडमधून, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातून, येणारा प्रत्येक आवाज टॅपेटचा नसतो. क्रँकवरून कॅम फिरवणारी टायमिंग चेनही त्याच हेडपर्यंत जाते आणि सैल झाली की तिथूनच वाजते.

टॅपेटच्या आवाजाला ठेका असतो. रॉकर आर्म (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा) आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधली फट वाढली की प्रत्येक उघडझापेला रॉकर दांडीवर आपटतो: टिक-टिक-टिक, शिलाई मशीनसारखा. फोर स्ट्रोकमध्ये कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून १४०० आरपीएमच्या आयडलिंगला एक टॅपेट मिनिटाला ७०० वेळा वाजतो. रेस वाढवली की ठेका वाढतो, सोडली की उतरतो. मध्येच एखादा ठोका चुकत नाही.

चेन अशी ठेक्यात वाजत नाही. तिची खळखळ असते, कधी दाट कधी विरळ. आयडलिंगला जास्त, हलकी स्थिर रेस दिली की बरीचशी गायब, आणि थ्रॉटल झटकन सोडला की आरपीएम उतरताना पुन्हा मोठ्याने. ताण सुटतो त्या क्षणी चेन मार्गदर्शक पट्ट्यांवर आपटते, म्हणून असं होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आधी टॅपेट कव्हरवर आणि मग सिलिंडरच्या चेन असलेल्या बाजूला टेकवून मूठ कानाला लावा. दोन्हीकडे आवाजाचा जोर किती वेगळा आहे ते लगेच कळतं. (केस आणि ओढणी आवरून, सायलेन्सरपासून लांब.)

मग चेनच सैल होती तर टॅपेट सेट केल्यावर आवाज गेला कसा? बहुतेक वेळा श्रेय ऑइलचं असतं. सर्व्हिसिंगमध्ये टॅपेट आणि ऑइल एकाच दिवशी होतात. नवं, दाट ऑइल चेनचे धक्के सोसतं, शिवाय काही इंजिनांत टेन्शनरला, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या भागाला, ऑइलचाच आधार असतो. ऑइल पातळ झालं की खळखळ परत येते. आवाज ऑइलच्या वयाबरोबर येत-जात असेल, तर माझा संशय आधी चेन आणि टेन्शनरवर जातो. चेन झिजून लांबली आणि टेन्शनरची धाव संपली की पट्ट्यांसकट सगळा संच बदलणं एवढाच मार्ग उरतो. आणखी टाळत गेलं तर चेन दात सोडते, टायमिंग चुकतं, गाडी सुरूच होत नाही, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतो.

खरोखर टॅपेटच वाजत असतील, तर आवाज किती लवकर परतला ते बघा. त्याच दिवशी परतला तर सेटिंगच चुकलंय. इंजिन गरम असताना फट मोजली असेल. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण जुळवली, पण पिस्टन कॉम्प्रेशनऐवजी एक्झॉस्टच्या फेरीत वर आलेला असेल. तेव्हा व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात आणि मोजलेल्या फटीला काही अर्थ राहत नाही. किंवा फटीचा स्क्रू जागेवर धरणारा चेकनट आवळताना स्क्रू सोबत फिरला असेल; म्हणून नट घट्ट केल्यावर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) पुन्हा सरकवून बघायचा असतो, आणि घाईत नेमकं हेच राहतं. काहीशे किलोमीटरनंतर परतला तर चेकनट ढिला झाला असेल किंवा झीज असेल. रॉकरच्या तोंडाला खड्डा पडला की गेजची सपाट पट्टी खड्ड्याच्या कडांवर टेकते, पण स्क्रू किंवा दांडी खड्ड्यात उतरते. गेज बरोबर सांगतो, फट प्रत्यक्षात जास्तच राहते. तिथे सेटिंगने काही होणार नाही, रॉकर आणि कॅम काढून बघावेच लागतात.

फट या गाड्यांत साधारण ०.०५ ते ०.१० मिमी एवढीच असते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा. कानाला गोड लागेपर्यंत आवळलेले टॅपेट मला वाजणाऱ्यांपेक्षा जास्त घातक वाटतात. फट उरलीच नाही तर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटमार्फतच हेडला देतो. तो टेकला नाही तर कॉम्प्रेशन गळतं आणि व्हॉल्व्ह जळतो. तोवर आवाज मात्र काहीच येत नाही.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला यातलं निम्मं लागू नाही. तिथे कॅम गिअरवर फिरतात, टायमिंग चेनच नसते. थंड इंजिनात पुशरॉड (कॅमची हालचाल रॉकरपर्यंत नेणारी दांडी) बोटांनी सहज फिरायला हवा, पण वर-खाली हलता कामा नये, हीच तिची सेटिंग. नंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) इंजिनांत ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट आले, त्यांना सेटिंगच नाही. त्यामुळे यूसीई बुलेटचे ‘टॅपेट सेट केले’ असं बिलावर लिहून आलं, तर पैसे देण्याआधी नक्की काय केलं ते विचारा.