लिम्फोमाची टप्पानिश्चिती आणि पेट-सीटी

लिम्फोमा हा लसीका पेशींचा, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. निदान बायोप्सीनेच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासूनच होते. रोग अंगात कुठवर पसरला आहे, हे मात्र स्कॅन दाखवतो. त्यावरून ठरतो तो टप्पा, दवाखान्याच्या बोलीत ‘स्टेज’.

या मोजणीत श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, ही सरहद्द असते. एकाच भागातल्या गाठी, उदाहरणार्थ नुसत्या मानेतल्या, असतील तर पहिला टप्पा. सरहद्दीच्या एकाच बाजूला दोन किंवा अधिक ठिकाणी असतील, जसे मान आणि काख, तर दुसरा. काखेत आहेत आणि जांघेतही आहेत, तर तिसरा. यकृत, अस्थिमज्जा अशा अवयवांत रोग विखुरला की चौथा. ‘चौथी स्टेज’ ऐकून घरच्यांचे पाय गळतात, पण इतर अनेक कर्करोगांतली चौथी स्टेज आणि ही एकाच मापाने मोजू नये. हॉजकिन लिम्फोमा हा प्रकार या टप्प्यावरही बरा होऊ शकतो.

ही चौकट १९७१ साली अमेरिकेतील ॲन आर्बर येथे ठरली. त्या काळी हॉजकिनच्या रुग्णाचे पोट उघडून, प्लीहा काढून आत डोकावत. आधी सीटी आणि मग पेट-सीटी (साखरेसारखे किरणोत्सारी औषध देऊन, ते जास्त ओढणाऱ्या जागा उजळून दाखवणारा स्कॅन) आल्यावर ती शस्त्रक्रिया मागे पडली. ॲन आर्बरची चौकट सुधारणाऱ्या २०१४ च्या लुगानो वर्गीकरणाने साखर ओढणाऱ्या लिम्फोमांसाठी पेट-सीटी हीच मुख्य तपासणी मानली. हॉजकिनमध्ये अस्थिमज्जेची सुईही बहुतेकांना टळली. काही संथ प्रकार साखर फारशी ओढत नाहीत, तिथे साधा सीटी पुरतो. मेंदू मुळातच साखरेवर चालतो, त्यामुळे तिथल्या रोगासाठी एमआरआय लागतो.

तपासणीसाठी एफडीजी हे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोज शिरेतून देतात. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे ११० मिनिटे, म्हणजे माल लांबून मागवून साठवता येत नाही. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली वैद्यकीय सायक्लोट्रॉन (असे किरणोत्सारी पदार्थ बनवणारे यंत्र) सुरू झाला, तेव्हा हे औषध इथेच बनू लागले.

रुग्ण सहा तास उपाशी येतो, रक्तातली साखर तपासली जाते, आणि इंजेक्शननंतर तासभर त्याला गप्प पडून राहायला सांगतात. गप्प म्हणजे खरोखरच गप्प: बोलत राहिले तर स्वरयंत्राचे स्नायू साखर ओढतात आणि गळ्यात नसते ठिपके उजळतात. पांघरूणही देतात, कारण थंडी वाजली की मानेजवळची तपकिरी चरबी पेटते आणि गाठींसारखी दिसते.

आपल्याकडचा मोठा चकवा क्षयाचा. क्षयाच्या गाठीही तितक्याच झळकतात. म्हणून मानेतली गाठ लिम्फोमाची ठरली तरी छातीतली त्याचीच आहे, असे नुसत्या उजेडावरून धरून चालत नाही. त्या गाठीने टप्पा बदलणार असेल, तर तिचाही तुकडा काढून तपासतात.